धातूतला स्ट्रेस लेसर-स्पेकलने मोजणे : वेल्डच्या टोजवळ नेमकं किती जमतं?

बीड_आणि_टो
६ मिमी जाड, ६० मिमी रुंद माइल्ड स्टीलची पट्टी. मधोमध आडवा बट वेल्ड (दोन तुकडे टोकाला टोक जोडून), बीड, म्हणजे वेल्डचा उंचवटा, घासलेला नाही. टेन्साइल मशीनवर ५४ किलोन्यूटनपर्यंत ओढायची, म्हणजे नॉमिनल स्ट्रेस १५० मेगापास्कल. बीड जिथे पट्टीला मिळतो त्या टोच्या रेघेकडे जाताना स्ट्रेस कसा चढतो, त्याचा पूर्ण नकाशा हवा आहे.

हाताशी आहे ते असं : ५ मेगापिक्सेलचा मोनो कॅमेरा (२४४८ × २०४८, पिक्सेल ३.४५ मायक्रॉन), ५३२ नॅनोमीटरचा १०० मिलिवॅटचा हिरवा लेसर, बीम स्प्लिटर, आरसे, एक पिझो (व्होल्टेज दिलं की नॅनोमीटरच्या मापाने सरकणारा तुकडा). मॅग्निफिकेशन ०.१ धरलंय, म्हणजे साधारण ८४ मिमी रुंदी फोटोत मावते.

इलेक्ट्रॉनिक स्पेकल पॅटर्न इंटरफेरोमेट्री, म्हणजे ईएसपीआय (लेसरच्या उजेडात पृष्ठभागावर दिसणाऱ्या दाण्यांवरून, म्हणजे स्पेकलवरून मोजणं) करावी, की रंगाचे ठिपके मारून डीआयसी (डिजिटल इमेज कोरिलेशन, म्हणजे आधी-नंतरच्या फोटोंतले ठिपके जुळवून मोजणं)? वेल्डिंगमुळे अडकलेला रेसिड्युअल स्ट्रेसही त्याच फोटोंतून निघेल का? माझा कल ईएसपीआयकडे आहे. ती नॅनोमीटरमध्ये मोजते, मग ठिपक्यांचा खटाटोप कशाला?

आडवा_प्रश्न
शीर्षकात 'स्ट्रेस' वाचून आरोग्य विभागातला धागा समजून आलो. आलोच आहे तर बसतो मागे.

दोन_आरसे
रेसिड्युअलचं आधी सांगतो, नाहीतर गैरसमज शेवटपर्यंत सोबत येईल. या फोटोंतून तो निघणार नाही. कुठलीही स्पेकल पद्धत 'आधी' आणि 'नंतर' यांतला फरक सांगते. अडकलेला स्ट्रेस तुमच्या 'आधी'च्या फोटोत बसलेलाच आहे, तो वजाबाकीत उडून जातो. तो हवा असेल तर धातू कापून किंवा भोक पाडून त्याला मोकळं करायचं आणि त्या मोकळं होण्याचे फोटो घ्यायचे.

खरं तर स्पेकल स्ट्रेस मोजतच नाही. मोजते विस्थापन. त्याचा उतार काढला की स्ट्रेन (मूळ लांबीच्या प्रमाणात ताणलं जाणं), स्ट्रेनला ई (यंग मॉड्युलस, धातूचा ताठरपणा) आणि पॉइसाँ गुणोत्तर (ताणल्यावर आडवं किती आकसतं ते) लावलं की स्ट्रेस. नॅनोमीटरचा आनंद पहिल्या पायरीवरचा आहे, तुम्हाला तिसऱ्या पायरीवर जायचंय.

आता तुमच्या पट्टीचा हिशेब. दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दोन सारखे बीम पाडले तर एका फ्रिंजमागे (वजाबाकीच्या फोटोत दिसणारा काळा-पांढरा पट्टा) विस्थापन म्हणजे लॅम्डा (लेसरची तरंगलांबी) भागिले २ साइन थीटा (बीमचा कोन), ०.५३२ / १.४१४ = ०.३७६ मायक्रॉन. १५० मेगापास्कलला स्टीलमध्ये सुमारे ७५० मायक्रोस्ट्रेन (लांबीचे दशलक्षांश भाग). ५० मिमी लांबीत ३७.५ मायक्रॉन, म्हणजे १०० फ्रिंजा. तेवढी लांबी कॅमेऱ्यावर १४५० पिक्सेल व्यापते, तेव्हा एका फ्रिंजच्या वाट्याला १४ पिक्सेल, आणि स्पेकलच मुळात दोन-अडीच पिक्सेलचा. टोजवळ फ्रिंजा आणखी दाटतात. तिथे अनरॅपिंगची (फ्रिंजा ओळीने मोजून सलग विस्थापन काढण्याची) वाट लागलीच म्हणून समजा.

म्हणून एका दमात ओढू नका. १०-१० मेगापास्कलच्या टप्प्यांनी जा. एका टप्प्यात साडेसहा फ्रिंजा पडतात, त्या सहज सुटतात. प्रत्येक टप्प्याला नवा संदर्भ-फोटो आणि मिळालेली फेज (प्रत्येक बिंदूची फ्रिंजच्या चक्रातली जागा) आधीच्या फेजमध्ये मिळवत जायचं. असे १५ टप्पे.

लेन्स एफ/११ वर ठेवा. स्पेकलचा व्यास = १.२२ × लॅम्डा × एफ-नंबर × (१ + मॅग्निफिकेशन). एफ/११ ला तो ७.९ मायक्रॉन येतो, म्हणजे २.३ पिक्सेल. एफ/२.८ ला फक्त २ मायक्रॉन. उजेड भरपूर मिळतो, पण एकाच पिक्सेलमध्ये दोन-तीन स्पेकल कोंबले जातात आणि फ्रिंजचा कॉन्ट्रास्ट मरतो.

ठिपकेवाली
हिशेब मान्य, पण एक पान उलटायचं राहिलं. टेन्साइल मशीनवर पट्टी नुसती ताणली जात नाही, सबंध सरकते आणि थोडी वळतेही. दोन_आरसे यांच्याच आकड्याने स्पेकल पट्टीवर ७९ मायक्रॉनचा पडतो. एका टप्प्यात पट्टी त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी, म्हणजे पंचवीसेक मायक्रॉन जरी सरकली तरी आधीचे आणि नंतरचे स्पेकल एकमेकांना नीट ओळखेनासे होतात. जबड्यांचे दात बसताना याहून जास्त सरकते.

डीआयसीला सरकण्याचं वावडं नाही. पण तिथेही भ्रम नको. तुमच्या मॅग्निफिकेशनला एक पिक्सेल म्हणजे ३४.५ मायक्रॉन. पूर्ण ५० मिमीत ३७.५ मायक्रॉन ताण, म्हणजे सगळा मिळून जेमतेम १.१ पिक्सेल! चांगल्या ठिपक्यांवर विस्थापनाचा नॉइज ०.०१ पिक्सेल धरा. ५० मिमीच्या सरासरी स्ट्रेनला ही चूक १० मायक्रोस्ट्रेनची, कुणी विचारणारही नाही. पण टोजवळ ३ मिमीच्या आत काय चाललंय हे पाहायचं तर ३ मिमी म्हणजे ८७ पिक्सेल. ०.०१ × १.४१ / ८७ = १६० मायक्रोस्ट्रेनच्या आसपास. स्टीलमध्ये ३२ मेगापास्कल. जो चढ मोजायचा, त्याच्याइतकाच नॉइज.

तेव्हा सरासरी हवी तर डीआयसी झकास. टोजवळचा चढ हवा तर या मॅग्निफिकेशनला नाही. दृश्यक्षेत्र २० मिमीवर आणा, पिक्सेल ८.२ मायक्रॉनचा होईल आणि तोच नॉइज ४० मायक्रोस्ट्रेनच्या खाली येईल. त्यासाठी ठिपकेही बारीक लागतील, ३ ते ५ पिक्सेल म्हणजे २५ ते ४० मायक्रॉनचे. साध्या स्प्रे कॅनने इतके बारीक पडत नाहीत, एअरब्रश लागतो.

कोपऱ्यातला_गेज
लेसर आणि ठिपक्यांच्या भांडणात जुन्या स्ट्रेन गेजला (चिकटवून स्ट्रेन मोजायची छोटी पट्टी) कुणी विचारेना, म्हणून आलो.

टोवरचा स्ट्रेस नेमका किती, हा प्रश्नच अडचणीचा आहे, कारण ती खाच आहे. जितकं जवळ जाल तितका आकडा चढतो. फॅटीगच्या (वारंवारच्या लोडने धातू थकण्याच्या) कामात त्यासाठी ठरलेली रीत म्हणजे हॉट-स्पॉट स्ट्रेस. टोपासून ०.४ जाडी आणि १.० जाडी इतक्या अंतरांवर वाचायचं आणि सरळ रेषेने टोपर्यंत ओढायचं : १.६७ गुणिले पहिला, वजा ०.६७ गुणिले दुसरा. तुमची जाडी ६ मिमी, म्हणजे वाचायच्या जागा २.४ आणि ६ मिमीवर. टोच्या पोटात शिरायची गरजच नाही.

मात्र ही ओढाताण नॉइजही ओढते. दोन्ही वाचनांत ३२ मेगापास्कलची चूक असेल तर उत्तरात १.८ पट, ५८ मेगापास्कल.

ठिपकेवाली
@कोपऱ्यातला_गेज, हे बरं केलंत. यावर उपायही आहे. लोड धरून ठेवून एकाच स्थितीचे २५ फोटो घ्या आणि सरासरी काढा, कॅमेऱ्याचा नॉइज पाचपट घटतो. वेल्डला समांतर १०-१५ मिमी पट्ट्यात सरासरी घेतली तर आणखी. पण सरासरीने फक्त बेभरवशाचा नॉइज जातो. दिव्याच्या उष्णतेने हवा थरथरत असेल तर ती चूक फोटोंगणिक हळूहळू सरकत राहते, २५ काय आणि २५० काय. हॅलोजन नको, एलईडी वापरा आणि तोही पट्टीच्या खाली नको. कॅमेरा किमान तासभर आधी चालू ठेवा. गरम होताना त्याचं अंग प्रसरण पावतं आणि पट्टी न ओढताच स्ट्रेन दिसू लागतो.

नवशिका_०७
ईएसपीआयमध्ये फ्रिंजा क्षणभर दिसून विरतात, किंवा नुसतीच मुंग्यांची रांग वळवळते. अशा वेळी आधी काय तपासायचं?

दोन_आरसे
नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण ईएसपीआयमध्ये बऱ्याचदा अंगण खरंच वाकडं असतं. म्हणून अंगणापासून सुरुवात.

लोड न लावता संदर्भ-फोटो घ्या आणि पुढचे फोटो त्यातून वजा करत बघत बसा. सगळं काळं राहायला हवं. चित्र काळं-पांढरं असं श्वास घेत असेल तर हवा : पंखा, वातानुकूलन, बीमच्या वाटेत श्वास सोडणारा माणूस. बीमची वाट पुठ्ठ्याच्या नळकांड्यांत घाला. थरथर बारीक आणि वेगवान असेल तर कंपन : हायड्रॉलिक पंप, कॅमेऱ्याचा स्वतःचा पंखा, जमिनीवरून जाणारं काहीही. एक्सपोजर ५ मिलिसेकंदांखाली आणून बघा. चित्र सुधारलं तर कंपनच.

चित्र शांत आहे पण फ्रिंज धूसर, तर लेसरवर संशय घ्या. स्वस्त हिरवे डीपीएसएस (डायोडवर चालणारे) लेसर एकाच वेळी अनेक मोडमध्ये (किंचित वेगळ्या तरंगलांब्यांवर) चालतात, त्यांची कोहेरन्स लांबी (दोन वाटांत जेवढा फरक असला तरी फ्रिंज टिकते ती) तोकडी असते. दोन्ही बीमच्या वाटा दोरीने मोजून अर्ध्या सेंटिमीटरच्या आत सारख्या करा. तेवढ्याने कॉन्ट्रास्ट उजळला तर चोर सापडला. तापमान बदललं की असा लेसर एका मोडवरून दुसऱ्यावर उडी मारतो आणि सगळी फेज एकदम बदलते. त्याला चालू करून अर्धा तास सोडा. सिंगल लाँगिट्यूडिनल मोडचा लेसर असला तर ही कटकटच नाही.

मग दोन्ही बीम आळीपाळीने झाकून बघा, उजेड सारखा हवा. पोलरायझेशनही दोन्हींचं एकाच दिशेत हवं. धातूचा पृष्ठभाग ते बऱ्यापैकी तसंच परत पाठवतो, त्यामुळे आडवं-उभं झालं तर व्यतिकरण होणारच नाही. कॅमेऱ्याचं ऑटो-एक्सपोजर, ऑटो-गेन बंद, गॅमा १.

चकचकीत धातू असेल तर डाय पेनिट्रंटच्या (भेगा शोधायच्या रंगाच्या) डेव्हलपरची पांढरी धूळ अगदी हलकी फवारा. खालचा धातू पुसट दिसत राहील इतकीच. जाड थर दिला तर भुकटी स्वतंत्रपणे हलते आणि तुम्ही पट्टीऐवजी भुकटीची हालचाल मोजता.

नवशिका_०७
आभार. आणि फेज काढायला पिझोने आरसा किती सरकवायचा? ९० अंशांच्या चार पायऱ्या घेतल्या तरी फेजच्या नकाशावर लाटा येतात.

दोन_आरसे
त्या लाटा फ्रिंजच्या दुप्पट संख्येने येत असतील तर पायरीच चुकलीय. ९० अंश म्हणजे प्रकाशाच्या वाटेत लॅम्डा/४, १३३ नॅनोमीटरचा फरक. आरशावर बीम सरळ आपटून परत येत असेल तर आरसा ६६.५ नॅनोमीटर सरकवायचा. पण बहुतेक मांडणीत तो आरसा ४५ अंशांत असतो, तिथे ९४ नॅनोमीटर लागतात. पुस्तकातला ६६ चा आकडा ४५ अंशांच्या आरशाला लावला की पायरी ६३ अंशांची होते, मग लाटाच लाटा. शिवाय पिझो उशिरा स्थिरावतो, व्होल्टेज दिल्यावर थोडं थांबून मगच फोटो.

आडवा_प्रश्न
मी मागे बसून वहीत लिहून घेतोय. एकच शंका. या सगळ्याला 'इलेक्ट्रॉनिक' स्पेकल का म्हणतात? बिनइलेक्ट्रॉनिक कशी असते?

दोन_आरसे
फिल्मवरची. १९६८ मध्ये बर्च आणि टोकार्स्की यांनी एकाच फिल्मवर आधी-नंतरचे दोन स्पेकल टिपले. धुतलेल्या फिल्ममधून लेसर सोडला की समांतर पट्ट्या पडतात आणि त्यांच्या अंतरावरून सरकणं कळतं. १९७० मध्ये लीन्डर्ट्झ यांनी दोन बीमचं इंटरफेरोमीटर केलं. १९७१ मध्ये त्यांनीच बटर्स यांच्यासह इंग्लंडमधल्या लफबरोत फिल्म काढून टीव्ही कॅमेरा बसवला. तेव्हापासून 'इलेक्ट्रॉनिक'. फिल्म धुण्याची वाट पाहायची नाही, इतकंच ते नाव सांगतं.

सरळ_कातर
मधेच विषयांतर. शिअरोग्राफी का नको? तिच्यात पृष्ठभागाच्या दोन शेजारच्या बिंदूंचा प्रकाश एकमेकांत मिसळतो, त्यामुळे सबंध वस्तू हलली तरी दोन्ही बिंदू बरोबरच हलतात. कंपनाची अर्धी डोकेदुखी जाते.

दोन_आरसे
जाते, पण नेहमीची शिअरोग्राफी देते तो पृष्ठभागाच्या बाहेरच्या विस्थापनाचा उतार. चिकटवलेले थर सुटलेत का, हनीकोंबमध्ये पोकळी आहे का, याला तिच्यासारखी पद्धत नाही. ६ मिमी स्टीलच्या पट्टीत ताणाच्या दिशेचा स्ट्रेन हवाय, तिथे ती चुकीच्या दाराशी उभी आहे.

भोकपाड्या
रेसिड्युअलचा प्रश्न मागे पडला, तो घेतो.

ड्रिलच्या दोन्ही बाजूंनी बीम आणून, पृष्ठभागाच्या दिशेतली ईएसपीआय लावून भोक पाडायचं. भोक १.६ ते २ मिमी व्यासाचं. टप्प्याटप्प्याने १ मिमीपर्यंत खोल जायचं, दर टप्प्याला फेज टिपायची. किती हालचाल दिसेल? एका दिशेत २०० मेगापास्कल असताना १ मिमी त्रिज्येचं आरपार भोक पाडलं तर काठ त्या दिशेत २ × २०० × १ / २,००,००० मिमी, म्हणजे २ मायक्रॉन सरकतो. ०.३७६ ने भागा, पाचेक फ्रिंजा. न आरपार गेलेल्या भोकाला यापेक्षा कमी. इथे ईएसपीआयची संवेदनशीलता अगदी कामाला येते. तुमच्या मॅग्निफिकेशनला डीआयसीच्या हाती हे दोन मायक्रॉन म्हणजे पिक्सेलचा सतरावा हिस्सा.

बिघडतं ते असं. बोथट कटर स्वतःच स्ट्रेस घालतो, म्हणून वेगवान स्पिंडल आणि दर काही भोकांनंतर नवा कटर. कीस उडून काठाजवळचा स्पेकल खरवडतो. त्यामुळे काठापासून भोकाच्या अर्ध्या त्रिज्येइतका पट्टा हिशेबातून सरळ टाकून द्या. कीस हवेने फुंकताना हवेचा झोत पृष्ठभागावर घासू नका, डेव्हलपर उडतो. टप्पा संपला की अर्धा-एक मिनिट थांबा, धातू निवू द्या. ड्रिलचं डोकं मागे घेताना पट्टी किंचित हलतेच. म्हणून गणितात सरकणं आणि वळणं ही पदं स्वतंत्र ठेवून ती वजा करा, नाहीतर तीच स्ट्रेस म्हणून नोंदली जातील.

आणि मर्यादा. जाड तुकड्यात रेसिड्युअल स्ट्रेस यील्डच्या (ज्या स्ट्रेसला धातू कायमचा ताणला जाऊ लागतो त्याच्या) ८० टक्क्यांपुढे गेला की भोकाच्या काठाशी धातू प्लास्टिक होतो, म्हणजे कायमचा बदलतो, आणि आकडे फुगतात. वेल्डजवळ तो यील्डपर्यंत पोचलेला असणं मुळीच दुर्मीळ नाही.

बीड_आणि_टो
सगळ्यांचे आभार. म्हणजे रेसिड्युअल वेगळ्या तुकड्यावर भोकाने. लोडखालचं काम २० मिमी दृश्यक्षेत्राच्या डीआयसीने, २.४ आणि ६ मिमीवर वाचून. पट्टी सपाट आहे, तेव्हा एकच कॅमेरा पुरेल ना?

कोपऱ्यातला_गेज
नाही! इथेच घसरतात. वेल्ड थंड होताना पट्टी वेल्डपाशी किंचित वाकलेली असते. ओढली की सरळ व्हायला बघते, म्हणजे ताणाबरोबर वाकही येतो. त्यातून दोन तोटे. एक, पुढच्या आणि मागच्या पृष्ठभागावरचा स्ट्रेस वेगळा. दोन, पृष्ठभाग कॅमेऱ्याकडे किंवा कॅमेऱ्यापासून दूर सरकतो, आणि एका कॅमेऱ्याला जवळ आलेली वस्तू मोठी दिसते. ५०० मिमीवरून ०.१ मिमी जवळ आली की २०० मायक्रोस्ट्रेनचा खोटा ताण. ४० मेगापास्कल हवेतून.

टेलिसेंट्रिक लेन्स (अंतर बदललं तरी आकार तोच दाखवणारी), नाहीतर दोन कॅमेरे. दोन्ही नसेल तर पट्टीच्या मागे-पुढे, वेल्डपासून दूर, एकेक गेज चिकटवा. दोन्हींची सरासरी म्हणजे ताण, फरकाचा अर्धा म्हणजे वाक.

ठिपकेवाली
+१. आणि स्ट्रेस काढताना 'ई गुणिले स्ट्रेन' करून मोकळे होऊ नका. वेल्ड आडव्या दिशेला धातूला आकसू देत नाही. आडवा स्ट्रेन जवळपास शून्य असेल तर खरा स्ट्रेस त्या साध्या गुणाकारापेक्षा सुमारे १० टक्के जास्त असतो. डीआयसी आडवा स्ट्रेन फुकटात देते, तो वापरा : ई भागिले (१ वजा पॉइसाँचा वर्ग), गुणिले (उभा स्ट्रेन अधिक पॉइसाँ गुणिले आडवा). यील्डपुढे मात्र हे सूत्र विसरा. माइल्ड स्टील यील्डला पोचलं की ल्यूडर्स पट्टे (कायमच्या ताणाचे) तिरपे धावताना ठिपक्यांत स्पष्ट दिसतात. बघायला सुरेख, पण ते दिसले की स्ट्रेसचा हा हिशेब संपला.

ओढण्याआधी दोन चाचण्या कराच. लोड न लावता दोन फोटो जुळवा, जो स्ट्रेन दिसेल तो तुमचा नॉइज. मग पट्टी न ताणता अर्धा मिमी सरकवून पुन्हा जुळवा. आता स्ट्रेन वाढला तर लेन्सची विकृती किंवा कॅमेरा तिरका. संदर्भ-फोटो शून्याला नको, जबडे बसल्यावर २० मेगापास्कलला घ्या आणि तेवढे नंतर मिळवा.

रंगाचं एक. सरळ समोरून फवारलात तर पांढरा रंग टोच्या खाचेत साठतो आणि तिथे ठिपके धातूवर नाहीत तर रंगाच्या पुलावर बसतात. तो पूल कमी ताणला जातो, नेमका जिथे जास्त दिसायला हवं तिथे कमी दिसतं. मॅट पांढरा रंग दोन्ही बाजूंनी तिरका, पातळ, दोन हात. त्यावर काळे ठिपके आणि त्याच दिवशी टेस्ट.

बीड_आणि_टो
गेज आधी चिकटवू की रंग आधी?

कोपऱ्यातला_गेज
गेज आधी, त्याला वायर जोडून, वरून टेप लावून. मग रंग. उलट केलंत तर गेजसाठी रंग घासताना शेजारचे ठिपके जातात आणि ग्राइंडिंगची धूळ उरलेल्या ठिपक्यांवर बसते. डीआयसी त्या धुळीलाही ठिपका समजते.

आडवा_प्रश्न
वही भरली. आरोग्य विभागात परत जातो, तिथे निदान भोक पाडायला सांगत नाहीत.